जेफ बेकचा 'ब्लो बाय ब्लो': पन्नाशी उलटली तरी हा अल्बम शिळा का होत नाही?

नादलुब्ध (धागाकर्ता)

इंग्लिश रॉक गिटारवादक जेफ बेकचा 'ब्लो बाय ब्लो' मार्च १९७५ मध्ये आला. त्या चार-पाच वर्षांत जॅझ-रॉकचे खूप अल्बम निघाले. त्यातले बरेचसे आज फक्त वाद्य शिकणारी मंडळी ऐकतात, अभ्यास म्हणून. हा एक मात्र गिटारशी काडीचा संबंध नसलेली माणसंही आवडीने ऐकतात. आमच्याकडे मी तो लावला की स्वयंपाकघरातून "आवाज जरा वाढव" असं सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्या व्यक्तीला जेफ बेक कोण हे माहीत नाही. असं कशामुळे होतं, याबद्दल बरेच दिवस मनात साचलेलं लिहून काढतोय. तुम्हीही लिहा.

माझं म्हणणं थोडक्यात असं: या अल्बममध्ये गायक नाही, पण गायकाची जागा रिकामीही नाही. तिथे गिटार उभी आहे, आणि आपण गायकाच्या जागी उभे आहोत याचं भान तिने एकदाही सोडलेलं नाही.

बेककडे गायकांची वाण कधीच नव्हती. यार्डबर्ड्स या त्याच्या साठच्या दशकातल्या बँडमध्ये कीथ रेल्फ होता. १९६८च्या 'ट्रूथ'मध्ये रॉड स्ट्युअर्ट होता, आणि त्याचा आवाज कसा होता हे सांगायला नकोच. पुढच्या जेफ बेक ग्रुपमध्ये बॉब टेंच आला. मग बोगर्ट आणि अपिस यांच्याबरोबर जड रॉक करून झालं. म्हणजे दहा वर्षं हा माणूस गाणाऱ्याच्या शेजारी उभं राहून वाजवत होता. कुठे उत्तर द्यायचं, कुठे गप्प बसायचं, श्वास कुठे घेतला जातो, हे सगळं त्याने शेजारून पाहिलं होतं. गायक काढून टाकल्यावर ते त्याच्या बोटांत शिल्लक राहिलं.

त्या काळचं बाकीचं फ्युजन, म्हणजे जॅझ-रॉक, आठवा. गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनचा बँड महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा तर कळस. मला ती अतिशय प्रिय आहे, पण ते संगीत तुमच्या अंगावर येतं. ड्रमर बिली कॉबमचा १९७३चा 'स्पेक्ट्रम' बेकने डोक्यावर घेतला होता. त्यातली टॉमी बोलिनची गिटार ऐकून त्याला स्वतःची वाट दिसली. मात्र त्या वाटेवर तो वेगाच्या मागे धावला नाही. त्याला वेग येत नव्हता असं नाही, 'स्कॅटरब्रेन' ऐका. पण अख्ख्या अल्बममध्ये वेग एखाद-दुसऱ्या ठिकाणीच आणला आहे, आणि म्हणून तो आला की अंगावर काटा येतो.

दुसरं कारण जॉर्ज मार्टिन. बीटल्सचा निर्माता म्हणून आपण त्याला ओळखतो, पण 'ब्लो बाय ब्लो'च्या थोडंच आधी, १९७४ मध्ये, त्याने महाविष्णूचा 'अपोकॅलिप्स' लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह केला होता. म्हणजे जॅझ-रॉक त्याला नवीन नव्हतं. एअर स्टुडिओत त्याने बेकच्या चौकडीला मोकळं वाजवू दिलं आणि मग त्यातलं नेमकं काय ठेवायचं ते निवडलं. बेक हा स्वतःच्या कामाबद्दल कायम साशंक असलेला वादक. त्याला "हे चांगलं आहे, याला आता हात लावू नकोस" असं सांगणारं कोणीतरी लागत होतं, असं मला ऐकताना सतत वाटतं. एकही तुकडा लांबलेला नाही. आठ-साडेआठ मिनिटांचा 'डायमंड डस्ट'सुद्धा.

आणि तिसरं, ज्यासाठी खरं तर हा धागा काढला: दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, 'कॉज वुई हॅव एंडेड अ‍ॅज लव्हर्स'. स्टीवी वंडरची रचना. आधी गायिका सिरीटाने १९७४च्या तिच्या अल्बममध्ये ती गायली होती. बेकच्या आवृत्तीत सुरुवातीचे स्वर वाजत नाहीत, उमलतात. तार छेडल्याचा आघातच ऐकू येत नाही, स्वर शून्यातून वर येतो. मग धून सुरू होते, आणि तीच ओळ तो दर वेळी वेगळ्या वजनाने म्हणतो. एकदा ओढून, एकदा अर्ध्यावर सोडून, एकदा जवळजवळ ओरडून. शब्द नाहीत, तरी कोणीतरी काहीतरी सांगता सांगता थांबतंय हे कळतं. शास्त्रीय मैफलीत ख्यालाच्या मुखड्याशी गायक जे करतो, तीच जात आहे ही.

तुमच्याकडे हा अल्बम कसा पोचला, आणि तो अजून लावता का, सांगा.

---

रोड्सचा_भक्त

लेख मनापासून आवडला. पण एक तक्रार आहे. एवढ्या मोठ्या लेखात कीबोर्ड वाजवणाऱ्या मॅक्स मिडलटनचं नावच नाही!

या अल्बमचा रंग कोणता असं विचारलं तर माझ्यासाठी तो फेंडर रोड्सचा, म्हणजे त्या इलेक्ट्रिक पियानोचा आहे. बेकच्या गिटारखाली जी ऊबदार, किंचित धूसर जमीन आहे, ती मिडलटनची. तो १९७१च्या 'रफ अँड रेडी'पासून बेकबरोबर होता, आणि ब्लूज-रॉकवाल्या बेकला जॅझचे कॉर्ड त्याच्यामुळे कानावर पडले. कॉर्ड बदलले की त्याच जुन्या ब्लूजच्या जागेला नवा अर्थ येतो. 'कॉज वुई हॅव…'मध्येच बघा, गिटार जे करते त्यातलं बरंचसं साधं ब्लूज आहे. खालचे कॉर्ड त्याला हळवं करतात.

'फ्रीवे जॅम' एकट्या मिडलटनची रचना. 'यू नो व्हॉट आय मीन' आणि 'स्कॅटरब्रेन' दोघांच्या मिळून. म्हणजे हा 'गिटारचा अल्बम' अर्धा कीबोर्डवाल्याने रचलाय. क्लॅव्हिनेटचं (हाही एक इलेक्ट्रिक कीबोर्डच) ते खटकेबाज वाजवणं काढून टाका आणि पहिलं गाणं ऐकून बघा मनातल्या मनात. उभंच राहत नाही.

---

नादलुब्ध

@रोड्सचा_भक्त, तुमचा मुद्दा सोळा आणे मान्य. मिडलटनवर वेगळा धागा निघावा एवढं त्यात आहे. तुम्हीच काढा.

---

नऊमात्रा

मी तबला वाजवतो, थोडाफार ड्रम्सही. माझ्यासारख्याला हा अल्बम ड्रमर रिचर्ड बेलीमुळे धरून ठेवतो.

'स्कॅटरब्रेन' ९/८ मध्ये आहे. गिटार आणि रोड्स मिळून जी धावती ओळ वाजवतात, ती आपल्याकडच्या पलट्यासारखी आहे: एकच आकृती, फिरून फिरून, प्रत्येक फेरीत थोडी वर सरकलेली. अशा वेळी साधा ड्रमर नऊ मोजत बसतो आणि ते मोजणं ऐकू येतं. बेली मोजताना दिसत नाही. तो त्या नऊमध्ये फंक वाजवतो. पाय हलतो, आणि पाय हलवणाऱ्याला आपण विषम मात्रांवर हलतोय हे कळतही नाही. 'डायमंड डस्ट' पाचात आहे, तिथेही तेच. झपताल येणाऱ्याने दोन-तीनचं वजन त्यावर ठेवून बघावं, बसतं. अर्थात त्यांनी झपताल वाजवला असं मी म्हणत नाहीये. पाचाची हालचाल सगळीकडे सारखीच डुलते, एवढंच.

बेली तेव्हा जेमतेम विशीच्या आसपासचा. मूळचा त्रिनिदादचा. बास वाजवणारा फिल चेन जमैकाचा. आता 'शीज अ वुमन' ऐका. बीटल्सचं १९६४चं गाणं, आणि इथे ते रेगेच्या चालीवर टाकलंय. इंग्लंडमधल्या कुठल्याही रॉक बँडने १९७४ मध्ये रेगे वाजवला असता तर तो नकलेसारखा वाटला असता. इथे वाटत नाही, कारण ताल धरणारे दोघे कॅरिबियनमधून आलेले आहेत. त्यांच्या अंगातच ते होतं. बेली पुढे इन्कॉग्निटो या ब्रिटिश बँडमध्ये वाजवायचा, तिथेही तोच मोकळेपणा.

---

वायर्ड_पंथी

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

मला बेकचाच पुढचा, १९७६चा 'वायर्ड' कितीतरी वरचा वाटतो. सिंथेसायझर वाजवणारा यान हॅमर आल्यावर बेकला समोर तोडीस तोड माणूस मिळाला. 'ब्लो बाय ब्लो'मध्ये बाकीचे तिघे त्याला सांभाळून घेतात. 'वायर्ड'मध्ये त्याला सांभाळणारं कोणी नाही, उलट ढकलणारा आहे. आणि जॅझ संगीतकार मिंगसच्या 'गुडबाय पोर्क पाय हॅट'वर बेकने जे केलंय ते 'कॉज वुई हॅव…'पेक्षा जास्त कठीण आणि जास्त खोल आहे.

'ब्लो बाय ब्लो'मधली व्हायोलिनं तर मला आजही खटकतात. 'डायमंड डस्ट' सुंदर रचना आहे, पण शेवटाकडे मार्टिनने ती तारवाद्यांनी इतकी भरून टाकलीय की चौकडी दिसेनाशी होते. १९७५ मध्ये त्याला भारदस्तपणा म्हणत असतील. आज ते सिनेमाच्या पार्श्वसंगीतासारखं वाटतं.

---

नादलुब्ध

@वायर्ड_पंथी, राग कसला, यासाठीच तर धागा काढलाय.

'वायर्ड' मोठा अल्बम आहे याबद्दल दुमत नाही. पण माझा प्रश्न मोठेपणाचा नव्हता, टिकण्याचा होता. हॅमरचा सिंथेसायझर मला फार आवडतो, तरी तो आवाज ऐकला की १९७६ सालात बसल्यासारखं वाटतं. रोड्स, साधा बास, ड्रम्स आणि गिटार यांना साल चिकटत नाही. आणखी एक: 'वायर्ड'मध्ये दोन वादक एकमेकांना उद्देशून बोलतात, आपण बाजूला उभं राहून ऐकतो. 'ब्लो बाय ब्लो' आपल्याशी बोलतो.

व्हायोलिनांबद्दल: 'डायमंड डस्ट'पुरतं तुमचं ऐकतो, तिथे आवडीनिवडीला वाव आहे. 'स्कॅटरब्रेन'मध्ये मात्र मार्टिनने तारवाद्यं ज्या शिस्तीने आणली आहेत त्याला तोड नाही. ती खाली अंथरलेली नाहीत, तीही त्या शर्यतीत आहेत. गिटारची ओळ वर सरकते तशी तीही ताणली जातात. 'एअर ब्लोअर'च्या शेवटी सगळं निवांत होतं, मग न थांबता 'स्कॅटरब्रेन' सुटतो. मार्टिनने 'बीटल्स'च्या काळात गाण्याला गाणं जोडण्याचं जे काम केलं, तेच हे.

---

तारेवरची_बोटं

गिटार वाजवणाऱ्याच्या बाजूने थोडं तांत्रिक लिहितो, कारण वर 'स्वर उमलतात' असं म्हटलंय आणि ते नेमकं कसं होतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

'कॉज वुई हॅव…'च्या सुरुवातीला गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून तार छेडायची, आणि छेडल्यावर करंगळीने नॉब फिरवून आवाज वर आणायचा. तार छेडल्याचा 'टक्' हा आवाज निघून जातो आणि फक्त मागची आस ऐकू येते. टेलिकास्टर या फेंडरच्या गिटारवर व्हॉल्यूमचा नॉब करंगळीच्या टप्प्यात असतो, म्हणून हे तिथे सोयीचं पडतं. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात करंगळी लयीत फिरली नाही तर स्वर सुजल्यासारखा येतो. बेकच्या हातात ती फिरकी प्रत्येक स्वराला वेगळी आहे: काही झटकन उघडतात, काही सावकाश.

हे तंत्र त्याने रॉय ब्युकॅनन या अमेरिकन टेलिकास्टर वादकाकडून घेतलं, आणि उघडपणे घेतलं. ते गाणं ब्युकॅननलाच अर्पण केलंय, तसं अल्बमच्या कव्हरवर छापलंय. म्हणून @नादलुब्ध, ख्यालाचा उल्लेख मला समजतो, पण उगम स्पष्टपणे अमेरिकन ब्लूज आणि कंट्री गिटारचा आहे हे नोंदवून ठेवायला हवं. आपल्याला मींड ऐकू येते कारण आपले कान तसे तयार झालेत. बेक तार ओढतो ती बी. बी. किंगच्या घराण्यातली.

गिटारही वेगळीच आहे. सीमोर डंकन तेव्हा लंडनमध्ये गिटारी दुरुस्त करायचा. त्याने टेलिकास्टरच्या सांगाड्यात गिब्सनचे दोन हंबकर (भरदार आवाजाचे पिकअप) बसवून बेकसाठी एक गिटार तयार केली. तिला 'टेली-गिब' म्हणतात. बदल्यात बेकने त्याला आपली यार्डबर्ड्सच्या काळातली फेंडर एस्क्वायर गिटार देऊन टाकली. टेलिकास्टरचा टोकदारपणा आणि हंबकरचा भरदारपणा दोन्ही त्या एका स्वरात आहेत, आणि दुसऱ्या कोणाला तो स्वर पकडताना घाम का फुटतो याचं हे एक कारण.

कव्हरवरच्या चित्रात त्याच्या हातात गिब्सनची लेस पॉल गिटार आहे, ती गडद तपकिरी 'ऑक्सब्लड'. बेक गेल्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात ती दहा लाख पौंडांच्या वर गेली.

---

नादलुब्ध

@तारेवरची_बोटं, फार छान प्रतिसाद. ब्युकॅननबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. ख्यालाशी तुलना उगमाची नव्हती, ओळ पुन्हा पुन्हा म्हणण्याच्या रीतीची होती. एकच मुखडा वीस प्रकारे म्हणायचा आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याला नवीन वाटायचा, ही कसोटी दोन्हीकडे सारखीच लागते. बाकी घराणं त्याचं ब्लूजचंच.

---

हाउन्सलोकर

इथे लंडनमध्ये बरीच वर्षं आहे. वर मींडेचा विषय निघालाय म्हणून एक खरा धागा जोडतो.

इथला भारतीय वंशाचा संगीतकार नितीन सोहनीचा 'बियाँड स्किन' १९९९ मध्ये आला. त्यात 'नदिया' नावाचं गाणं आहे, स्वाती नाटेकर यांनी गायलेलं. आपल्याकडच्या शास्त्रीय तालमीतला आवाज, खाली सोहनीचं आधुनिक लयकाम. बेकने ते ऐकलं आणि नंतर 'यू हॅड इट कमिंग' या अल्बममध्ये गिटारवर वाजवलं. शब्द नाहीत, फक्त नाटेकरांच्या गळ्यातल्या जागा. पुढे तो ते मैफलीतही वाजवायचा. २००७ मध्ये इथल्या रॉनी स्कॉट्स या जॅझ क्लबमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणात ते आहे, नक्की ऐका. व्हॅमी बारवर (तारांचा ताण कमीजास्त करणाऱ्या दांडीवर) बोटांचा हलका दाब देऊन तो एका स्वरावरून दुसऱ्यावर जातो, मधला कण-स्वरसुद्धा चुकत नाही.

त्यामुळे माझं मत असं: 'ब्लो बाय ब्लो'च्या वेळी बेकच्या डोक्यात हिंदुस्तानी संगीत नव्हतं हे @तारेवरची_बोटं यांचं म्हणणं बरोबर. तेव्हा तो पिकने वाजवायचा, बोटांनी आणि बारने बोलणारा बेक ऐंशीच्या दशकात आला. पण गाणाऱ्याच्या जागा गिटारवर घ्यायची त्याची भूक १९७५ मध्येच दिसते, आणि पंचवीस वर्षांनी ती त्याला एका मराठी नावाच्या गायिकेच्या गळ्यापर्यंत घेऊन गेली. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

आणि भारतीय स्वर तसा त्याच्या कानावर फार आधी पडला होता. यार्डबर्ड्सच्या १९६५च्या 'हार्ट फुल ऑफ सोल'साठी स्टुडिओत सतारवादक बोलावले होते. ते नीट जमेना तेव्हा बेकने फझ (आवाज खरखरीत करणारं यंत्र) लावून ती ओळ गिटारवर वाजवली.

---

नऊमात्रा

@हाउन्सलोकर, 'नदिया' आत्ताच मूळ आणि बेक असं एकापाठोपाठ ऐकलं. नाटेकरांनी जिथे दम घेतलाय तिथे बेकही थांबतो! गिटारला दम लागत नाही, तरी. धागाकर्त्याच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नको.

---

गिरगावचा_जुना

आमच्या वेळी हे असे अल्बम सहजी हाताला लागत नव्हते. काळ्या घोड्याच्या रिदम हाऊसमध्ये एलपी नुसती चाळायला जायचो, विकत घेण्याइतके पैसे नसत. ज्याच्याकडे रेकॉर्ड असे त्याच्याकडून कॅसेट भरून घ्यायची. माझ्या कॅसेटवर एका बाजूला 'ब्लो बाय ब्लो' होता आणि दुसऱ्या बाजूला वसंतराव देशपांडे, आणि कॅसेट उलटताना मला कधी तुटल्यासारखं वाटलं नाही. दोघांनाही एखादी जागा घ्यायच्या आधी क्षणभर दम धरता यायचा, आणि मग ते बेधडक उडी घ्यायचे.

'शीज अ वुमन'मध्ये तो टॉक बॉक्स (गिटारचा आवाज नळीने तोंडात आणून त्याला शब्दांचा आकार देणारं यंत्र) लावून दोन-चार शब्द गिटारकडून वदवतो, ते ऐकून आमचे वडील विचारायचे, "हा गातोय की वाजवतोय?" वडिलांना रॉक बिलकुल आवडत नसे. ते गाणं मात्र त्यांनी मला बंद करायला लावलं नाही.

मुलं आता फोनवर ऐकतात, क्रम उलटापालटा करून. एवढंच सांगतो, हा अल्बम क्रमानेच ऐका. पहिल्या बाजूचा दंगा झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूची पहिली ओळ तशी लागत नाही.

---

वायर्ड_पंथी

@गिरगावचा_जुना काका, वसंतरावांचं उदाहरण एकदम पटलं. 'वायर्ड'वरचं माझं मत बदललेलं नाही, पण आज संध्याकाळी 'ब्लो बाय ब्लो' पहिल्यापासून क्रमाने लावतो.

---

सहावी_तार

नमस्कार, मी कॉलेजात आहे, गिटार शिकते. बेकचं नाव त्याच्याबरोबर बास वाजवणाऱ्या ताल विल्केनफेल्डमुळे कळलं. ती 'कॉज वुई हॅव…'मध्ये जो बास सोलो वाजवते तो बघून मी हादरले होते. मूळ अल्बम या धाग्यामुळे पहिल्यांदा पूर्ण ऐकला.

दोन प्रश्न. पहिला, शिकायला यातलं कुठलं आधी घ्यावं? दुसरा, 'थेलोनियस'मध्ये ती क्लॅव्हिनेट मिडलटनच्या बाकीच्या वाजवण्यापेक्षा वेगळी का लागते?

---

तारेवरची_बोटं

@सहावी_तार, आधी 'फ्रीवे जॅम' घे. मुख्य धून सोपी आहे, पण ती शफलवर मागे रेलून वाजवायला लागते. ठेक्याच्या पुढे गेलीस की सगळी मजा जाते. मेट्रोनोमऐवजी मूळ रेकॉर्डमधल्या बेलीबरोबरच वाजव. धून हाताला बसली की १९७७चं यान हॅमर ग्रुपबरोबरचं लाइव्ह ऐक, तिथे सुरुवातीला गाड्यांचे हॉर्नसुद्धा वाजवलेत. 'कॉज वुई हॅव…' लगेच घेऊ नकोस. त्यातले स्वर आठवड्यात येतील, पण आधी सिरीटाचं गाणं पाठ कर आणि ते म्हणता यायला लागलं की मग गिटार हातात घे.

---

रोड्सचा_भक्त

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे. @सहावी_तार, तुझा कान चांगला आहे. 'थेलोनियस' ही स्टीवी वंडरची रचना, आणि त्यात क्लॅव्हिनेट वाजवलीय ती त्यानेच. मूळ कव्हरवर वादक म्हणून त्याचं नाव दिलेलं नाही, म्हणून बहुतेकांना कळत नाही. दोघांचा स्नेह जुना, १९७२च्या 'टॉकिंग बुक'मध्ये बेकने त्याच्यासाठी गिटार वाजवली होती. 'थेलोनियस' पुन्हा लाव आणि या वेळी गिटारकडे अजिबात लक्ष देऊ नकोस. नुसता स्टीवीचा डावा हात ऐक.